शॉपवर व्हॉल्व्हच्या ११०० बॉड्या पडून, तरी प्रत्येक ऑर्डर लेट. व्हीएमसी घ्यावं का?

मकरपुरावाला

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका युनिटमध्ये प्रॉडक्शन बघतो. कास्ट आयर्नचे स्लूस व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपलाइनचं पाणी अडवणारे, ८० ते २०० एमएम. कास्टिंग राजकोटहून ट्रकने येतं, पुढचं सगळं आमच्याकडे. माणसं बावीस. मी दांडिया बाजारातला, घरी मराठी, शॉपवर कुठल्याही जॉबचं विचारा, एकच उत्तर: "चालूमां छे."

पार्टीला पंधरा दिवस सांगतो आणि माल महिन्याने जातो. म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी एकटाच गेलो आणि खडूने खुणा करत मोजलं. ११०० बॉड्या! कुठे फेसिंग झालेल्या, कुठे ड्रिलिंग, कुठे नुसतं फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ केलेलं. बॉनेट, म्हणजे बॉडीवरची झाकणं, मात्र ३१० च. भिंतीकडच्या रांगेत मशिनिंग झालेल्या फेसवर पावसाळ्यातला गंज चढलाय, तो आता परत कट मारून काढायचा. म्हणजे एकाच नगाची मजुरी दोनदा.

एका बॉडीला हात लागतो तो वेळ सगळा धरून सव्वा तासाच्या आत. दिवसाला सरासरी ४२ व्हॉल्व्ह बाहेर पडतात. शेठ म्हणतात मशीन कमी पडतंय, व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणारं मशिनिंग सेंटर) कोटेशनही आलंय. मला काही पटत नाही, पण कारण सांगता येत नाही.

पीथमपूर_रिटायर्ड

अहो, कारण तुम्हीच लिहिलंय. ११०० भागिले ४२ म्हणजे २६. आज आत घातलेली बॉडी सरासरी २६ कामाच्या दिवसांनी बाहेर येणार, मग तुम्ही पार्टीला काहीही सांगा. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकांनी १९६१ साली याची सिद्धता दिली म्हणून याला लिटलचा नियम म्हणतात. आम्ही इंदूरकडे साध्या भाषेत सांगायचो: पोह्याच्या ठेल्यावर रांग किती आणि दर मिनिटाला प्लेटा किती सुटतात, एवढ्यावर तुमचा नंबर ठरतो. कढई कितीची आहे त्यावर नाही.

व्हीएमसी घेतलंत तर ४२ चे पन्नास होतीलच असं नाही. ११०० चे १५०० मात्र नक्की होतील. आधी एक सांगा, सगळ्यात मोठा ढीग कुठल्या मशीनपुढे आहे?

मकरपुरावाला

काका, रूट कार्ड (जॉबसोबत फिरतात, तारखा लिहिलेली) काढून बघितली. २४ ते २९ दिवस! आम्ही वर्षानुवर्षं पंधरा सांगत आलोय.

सगळ्यात मोठा ढीग हायड्रो टेस्ट बेंचपुढे, म्हणजे पाण्याच्या दाबाने गळती तपासतो तिथे, जवळपास ३९०. बेंच एकच. आमचे बहुतेक व्हॉल्व्ह पीएन १.० चे, म्हणजे १.० मेगापास्कल दाबाचे. बॉडी दीडपट दाबाला, म्हणजे १.५ मेगापास्कलला बघायची, मग सीट (बंद केल्यावर पाणी अडतं ती जागा) १.० ला. नग चढवणं, पाणी भरणं, हवा काढणं, दाब धरणं, उतरवणं, मिळून दहा मिनिटं. आज तासभर तिथे स्टूल टाकून बसलो. टेस्टिंगचा मुलगा १५० चा ब्लँक फ्लँज (व्हॉल्व्हचं तोंड बंद करायची चकती) शोधायला मागे भंगाराकडे गेला तो वीस मिनिटांनी उगवला. जेवणाला बेंच बंद, चहाला बंद.

दुसरं म्हणजे लेथ आणि ड्रिलवाले कॉन्ट्रॅक्टरची माणसं, नगावर पैसे. ड्रिलचं जिग (नग धरायचा साचा) बदलायला चाळीस मिनिटं जातात, म्हणून ८० च्या दोनशे बॉड्या एकदम ओढतात. २०० च्या बॉनेटला कोणी हात लावत नाही. जड, आणि रेट तोच.

पीथमपूर_रिटायर्ड

झालं तर मग. दहा मिनिटांचा एक नग, दिवसाचे साधारण सात तास, म्हणजे ४२. तुमचा कारखाना म्हणजे तो बेंच. बाकीची मशीनं त्याच्यापेक्षा जोरात पळाली की नुसता ढीग वाढतो.

बेंच जेवणालाही थांबू देऊ नका, बदली माणूस उभा करा. ब्लँक फ्लँज बेंचलाच साखळीने टांगा, हसू नका. एका नगावर दाब धरलेला असताना पुढच्यात पाणी भरून ठेवा.

आणि आत माल सोडणं आवळा. राजकोटहून पूर्ण ट्रक येतो तो येऊ द्या, भाड्याचा हिशोब असतो. पण गेटच्या आत आला म्हणजे मशीनवर चढलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? यार्डात ठेवा. शॉपवर ट्रॉल्या मोजून वीस ठेवा, एकीत २५ बॉड्या. म्हणजे ५००, साधारण बारा दिवस. डिस्पॅचहून ट्रॉली रिकामी आली तरच यार्डातून पुढचा माल. एकविसावी ट्रॉली कुणी केली तर ती तोडायची.

धुरी_ते_डिस्पॅच

वाचायला छान आहे. नगावर पैसे घेणाऱ्या माणसाला "आज ट्रॉली नाही, थांब" म्हटलंत की दोन दिवसांत तो शेजारच्या गाळ्यात दिसेल. आमच्याकडे हेच झालं. दोन चांगले टर्नर गेले आणि मग सगळं होतं तसंच.

पीथमपूर_रिटायर्ड

बरोबर बोललात, तिथेच गाडी अडते. नगाला पैसे दिले की नग मिळतात, व्हॉल्व्ह नाही. आम्ही रेट सेटवर आणला होता, बॉडी, बॉनेट, वेज आणि स्पिंडल मिळून एक, आणि जड साइजला जास्त. बदलाच्या महिन्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी मजुरी कबूल केली. मालक कुरकुरले, पण एकही माणूस गेला नाही.

कॉस्टिंगवाली

शेठना आधीच दोन गोष्टी सांगा, नाहीतर तिमाहीनंतर तुमच्यावर येईल. एक, बँकेचं ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून किती उचलता येईल ते, स्टॉक स्टेटमेंटवर चालतं. अर्धवट माल घटला की तेही खाली येतं. बरेच मालक ढिगाला मनातून हात लावत नाहीत ते याचसाठी, उघड कोणी बोलत नाही. दोन, अर्धवट मालाच्या किमतीत मजुरी आणि कारखान्याच्या खर्चाचा वाटा धरलेला असतो. साठा उतरला की तो खर्च त्याच तिमाहीच्या नफ्यातून जातो. नफा घसरलेला दिसेल, आणि पैसे खात्यात आलेले असतील. दोन्ही खरं.

फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असेल तर तिचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर आयकरात त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. त्यातले २६ दिवस कास्टिंग तुमच्याच शॉपवर झोपलेलं. मग पार्टीची उधारी. गणित तुम्हीच मांडा.

मकरपुरावाला

तीन आठवडे झाले, सांगायला आलो. ट्रॉल्या वीस नाही जमल्या, चोवीसवर शेठशी तडजोड. जुना ढीग अजून त्यांच्याबाहेर जमिनीवर आहे, तो आधी संपवतोय. नवा माल निम्म्याहून कमी सोडला आणि बॉनेट आधी घेतले. बॉड्या ६२० वर आल्या. बेंच जेवणात चालू, फ्लँज साखळीला, रोज ४६ जातात. म्हणजे साडेतेरा दिवस. कोटेशन शेठच्या ड्रॉवरमध्ये गेलंय, फाडलेलं नाही.

स्टॉक स्टेटमेंट साडेआठ लाखांनी उतरलं तेव्हा केबिनमध्ये बोलावणं आलंच. ताई, तुमचे दोन मुद्दे वहीत लिहून नेले होते, वाचलो.

सेटच्या रेटला लेथवाले तयार झाले, ड्रिलवाला अजून फुगून आहे. आणि ढीग उपसताना खालून गंजलेल्या ७४ बॉड्या निघाल्यात. परत कट मारायची मजुरी कॉन्ट्रॅक्टर मागतोय, शेठ नाही म्हणतात. तुमच्याकडे हे कोण भरतं?