मदत हवी आहे: मनात काही रंगवल्याशिवाय इच्छाच जागी होत नाही

सायली३६: नवं खातं काढून विचारतेय, कृपया थट्टा नको. लग्नाला ९ वर्षं झाली. नवऱ्यावर जीव आहे, भांडण काही नाही. पण जवळ आल्यावर मनात काहीतरी रंगवल्याशिवाय शरीर साथच देत नाही. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "कुठे हरवतेस?" मी खरं ते सांगून टाकलं. तेव्हापासून तो हॉलमध्ये झोपतो. हा आजार आहे का? जरा लवकर सांगा, रविवारी सासूबाई येताहेत.

मंदार_ठाणे: काहीतरी म्हणजे काय? ओळखीतलं कुणी?

सायली३६: नाही हो. घाटात एसटी बंद पडलीय, पाऊस, शेजारी कुणीतरी. चेहराही नसतो.

वैद्यकाका: अश्वगंधा आणि शतावरी, रात्री दुधातून, ४० दिवस. अनुभव आहे.

निशिगंधा: काका, तिने ताकद मागितलेली नाही. सायली, कल्पना रंगवणं आजार नाही, बहुतेक लोक रंगवतात. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्से इन्स्टिट्यूटच्या बँक्रॉफ्ट आणि यान्सेन यांची मांडणी वाच. मेंदूत अ‍ॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो. कल्पनेने अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. ताण, थकवा, कुणी ऐकेल ही धास्ती, हे सगळे ब्रेक. तुझा कशाने लागतोय?

सरळमार्गी: मनातला व्यभिचार हाही व्यभिचारच. नवऱ्याचं काय चुकलं?

निशिगंधा: चेहरा नसलेल्या माणसाशी व्यभिचार? तिला आधीच अपराधी वाटतंय, त्यात भर घालू नका.

तात्या: र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हेच विषय मांडले. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. आणि आपण अजून...

मंदार_ठाणे: तात्या, त्यावर वेगळा धागा काढा. सायली, 'आपलं नीट होतंय ना' असं स्वतःकडेच बघत बसलं की उत्तेजना ओसरते. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या संशोधकांनी १९७० मध्ये हे मांडलंय. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे काही दिवस संबंध ठेवायचेच नाहीत, नुसता स्पर्श. आम्हा दोघांना फार उपयोग झाला.

निशिगंधा: आधी कळू तर दे. सायली, पहिल्यापासून असंच आहे का? काही गोळ्या चालू आहेत?

सायली३६: कल्पना आधीही यायच्या, पण गंमत म्हणून. त्यांच्याशिवाय अडतं ते दिवाळीपासून. गोळी एकच, एस्सिटालोप्राम, चिंतेसाठी. तीही दिवाळीतच सुरू झाली. तिचा काय संबंध?

निशिगंधा: अगं, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! या गटातल्या गोळ्यांनी इच्छा मंदावते, सुखाचा क्षण लांबतो. सगळ्यांना होत नाही, पण पुष्कळांना होतं. मनाने बंद मात्र करू नकोस, एकदम सोडल्याने त्रास होतो. डॉक्टरांना स्पष्ट सांग, मात्रा किंवा औषध बदलता येतं. आणि नवऱ्यालाही सांग, कल्पनेआधी गोळीचं सांग.

मंदार_ठाणे: स्पर्शाचं तरीही करून बघा.

सायली३६: गोळी चालू आहे हेच त्याला माहीत नाही. डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते.

निशिगंधा: मग सासूबाई यायच्या आत, आज रात्रीच बोल.