मदत हवी आहे : नऊ वर्षांच्या मुलाचा वाढलेला रक्तदाब आणि घोरणे

शाळेच्या आरोग्य तपासणीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा रक्तदाब १२८/८४ निघाला. तो मैदानावरून धावत येऊन रांगेत उभा राहिला होता आणि दंडाला बांधलेला पट्टा अपुरा पडून मध्येच सुटला, असे त्याने सांगितल्यामुळे मी तो आकडा फारसा मनावर घेतला नाही. पट्टा लहान असला की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, हे बालरोगतज्ज्ञांनीही मान्य केले. परंतु त्यांनी टेपने दंडाचा घेर मोजून, त्याला बसेल असा पट्टा निवडून, पाच मिनिटे पाठ टेकवून गप्प बसवल्यावर उजव्या दंडावर मोजला, तरीही तो ११६/७४ भरला.

तेरा वर्षांखालील मुलांचा आकडा वय, लिंग आणि उंचीच्या तक्त्यात पाहावा लागतो. मुलगा १४२ सेंमी, म्हणजे वयाच्या मानाने चांगलाच उंच असल्याने त्याचा आकडा ९० ते ९५ पर्सेंटाइलच्या मध्ये आला, म्हणजे त्याच्याच वयाच्या आणि उंचीच्या शंभर मुलग्यांपैकी ९० ते ९५ जणांपेक्षा जास्त. हाच आकडा बुटक्या मुलाचा असता तर अधिक गंभीर मानला गेला असता.

वजन ४१ किलो आहे, जन्म ३४व्या आठवड्यात झाला, जन्मवजन १८०० ग्रॅम होते आणि आजोबांना रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी हे सारे नोंदवले, पायातील नाडीही पाहिली. लघवीची तपासणी ठीक आली. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे बंद झाले आहेत. (“पोरांना कसला आलाय बीपी?” हे आजीचे मत कायम आहे.) सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.

एक गोष्ट मात्र मी तिथे सांगायला विसरलो. मुलगा रोज घोरतो, तोंड उघडे ठेवून झोपतो, आणि कधी कधी श्वास क्षणभर अडकून दचकून कूस बदलतो. टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) वाढून झोपेत श्वास अडत असेल तर मुलांचा रक्तदाब वाढू शकतो, असे वाचल्यापासून मला मिठापेक्षा याचीच अधिक शंका येते. डॉक्टरांना उद्या फोन करणारच आहे. पण ज्यांच्या मुलांच्या बाबतीत असे घडले, त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले, की चोवीस तास रक्तदाब मोजणारे यंत्र लावून घेतले? आणि पट्टा रात्रभर थोड्या थोड्या वेळाने फुगत असताना मूल झोपते का?