एवढ्या मोठ्या जगात नेमके हेच दोघे कसे भेटतात? (कादंबरीतले योगायोग)

पायवाट:
मी एक मोठी फँटसी कादंबरी लिहितोय, सात राज्यं, मधे वाळवंट आणि डोंगर. लहानपणी ताटातूट झालेले बहीण-भाऊ बारा वर्षांनी एका सराईत जेवायला बसलेले असताना भेटतात. मैत्रिणीने ड्राफ्ट वाचला आणि म्हणाली, हे पटत नाही रे, एवढ्या जगात हीच सराई? तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. स्टार वॉर्समधे ते दोन रोबो आख्खा ग्रह पडलेला असताना नेमके हिरो ल्यूकच्या काकाच्याच शेतावर विकले जातात, ते मला कधी खटकलं नाही, पण २००९ च्या स्टार ट्रेकमधे हिरो कर्क बर्फाळ ग्रहावर पळत पळत ज्या गुहेत शिरतो तिथेच भविष्यातून आलेला म्हातारा स्पॉक बसलेला असतो, ते मात्र फार खटकलं. असं का होतं?

रानवारा:
मला वाटतं फरक वेळेचा आहे. रोबोंचा योगायोग गोष्टीच्या सुरुवातीलाच येतो आणि त्यातून ल्यूकच्या मागे संकट लागतं. शिवाय तिथे भंगार गोळा करून शेताशेतावर विकत फिरणारे जावा लोक दाखवलेत, म्हणजे रोबो कुठल्यातरी शेतावर जाणारच होते. त्यातही काका आधी लाल रोबो घेतो, दोन पावलं गेल्यावर त्याच्या डोक्यातून धूर निघतो, मग निळा घेतात. हुकता हुकता जमलं म्हणून उलट जास्त खरं वाटतं. ल्यूकचा पुढे गुरू होणारा ओबी-वान जवळपास राहतो तो ल्यूकवर नजर ठेवायला, तो योगायोग नाहीच. गुहेतल्या भेटीत उलटं आहे, हिरो अडकलाय आणि लेखकाला त्याला सोडवायचंय म्हणून स्पॉक तिथे.

नोंदवही:
महाभारतातलं नलोपाख्यान परत वाचा, वनपर्वात आहे. नळ दमयंतीला रानात सोडून जातो, ती एका व्यापारी तांड्याबरोबर निघते, रात्री हत्ती तांडा तुडवतात, त्यातून वाचून ती चेदीच्या राजधानीत पोचते आणि राजमातेकडे सैरंध्री म्हणून राहते. ती राजमाता तिची सख्खी मावशी! पण दोघींनाही ते माहीत नाही, त्यामुळे योगायोग घडूनही हिला लगेच काही मिळत नाही, मावशीच्याच घरात ती नोकरी करत राहते. पुढे तिच्या वडिलांनी शोधायला पाठवलेला सुदेव ब्राह्मण तिला ओळखतो, मग राजमातेची मुलगी सुनंदा तिच्या भुवयांमधला मळ धुते आणि खालची जन्मखूण दिसल्यावर मावशी रडायला लागते. दर वेळी वाचताना मी तिथे थांबते.

आणि बघा, नळाची भेट मात्र नशिबावर सोडलेली नाही. दमयंती गावोगावी ब्राह्मण पाठवते, अयोध्येतून एक उत्तर येतं, मग ती तिथल्या राजाला, ऋतुपर्णाला, उद्याच माझं स्वयंवर आहे असा निरोप धाडते, कारण एका दिवसात विदर्भात रथ आणणारा सारथी नळच असू शकतो. तुमच्या गोष्टीतल्या बहिणीनेही असं काहीतरी करायला हवं.

भटक्या_जीव:
जग मोठं असलं तरी माणसं सगळीकडे फिरत नाहीत हो, वाटा मोजक्याच असतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२५ मधे तिथल्या तांजिरहून निघाला. चीनमधे त्याला बुश्री नावाचा, तांजिरजवळच्या स्यूटा गावचा माणूस भेटला, ज्याला त्याने आधी दिल्लीत पाहिलं होतं, आणि पुढे सहाराच्या तोंडाशी सिजिलमासात तो ज्याच्या घरी उतरला तो याच बुश्रीचा भाऊ निघाला. त्याला स्वतःलाही या दोन भावांमधल्या अंतराचं नवल वाटलं. पण व्यापारी आणि शिकलेले मुसलमान त्याच बंदरांतून, त्याच तांड्यांबरोबर जायचे, आपल्या गावच्या माणसाकडे उतरायचे, त्यामुळे भेट अवघड असली तरी अशक्य नव्हती. तुमच्या नकाशात असा एखादा अरुंद घाट आहे का जिथून सगळ्यांना जावंच लागतं?

पायवाट:
आहे! मिठाचे तांडे पावसाळ्यात एकाच खिंडीखाली चार महिने अडकतात, ते मी दुसऱ्या प्रकरणात लिहून विसरलोच होतो. मग भाऊ तिथल्या जकात नाक्यावर मुद्दाम कारकुनी धरतो, येणाऱ्या प्रत्येक बाईचं गाव आणि आईचं नाव वहीत लिहून घेतो, बारा पावसाळे. आणि बहीण? ती पहिल्यांदा भीतीपोटी खोटं नाव सांगून पुढे निघून जाते असं केलं तर?

नोंदवही:
करा. आणि ती वही तिच्या हातात पडू दे.