रस्त्यात खड्डे म्हणून टॅक्स चुकवायचा? मला पटत नाही

हिशोबनीस_लातूर
काल इथेच एका सदस्याने लिहिलं, "मराठवाड्याला मिळतंय काय? संभाजीनगरात आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, रस्त्यांची चाळण झालेली. इथला माणूस इन्कम टॅक्स चुकवतो तर बरोबरच करतो." त्याला धडाधड लाइक पडलेले पाहून डोकं फिरलं. तिथे दोन ओळींत मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी लातुरात रिटर्न भरून द्यायचं काम करतो. एकाच गल्लीतले दोघे माझ्याकडे येतात. एक झेडपीचे शिक्षक, दुसरे दवाखानावाले डॉक्टर. खड्डा दोघांच्याही दारात तोच आणि टँकरही एकच. शिक्षकाचा टॅक्स पै-पै जातो, डॉक्टरांचं निम्मंच उत्पन्न कागदावर येतं. सेवा मिळत नाही म्हणून लोक चुकवतात, हे खरं असतं तर दोघांनीही चुकवला असता. शिक्षकाचा पगार आयकर खात्याला आधीच ठाऊक असतो आणि डॉक्टरांच्या ड्रॉवरमधली रोकड फक्त डॉक्टरांना. फरक एवढाच आहे.

2021 ला एआयएस आलं, म्हणजे आयकर खात्याकडे जमलेल्या आपल्या व्यवहारांचा वार्षिक तक्ता. एफडीचं व्याज, शेअरची विक्री, 30 लाखांवरची खरेदीखतं, बचत खात्यात वर्षभरात भरलेली 10 लाखांवरची रोकड, सगळं एका कागदावर दिसायला लागलं. ज्यांनी कधी एफडीचा उल्लेख केला नव्हता ते आता स्वतः व्याजाचा दाखला घेऊन येतात. तेवढ्या काळात रस्ते काही सुधारले नाहीत.

आणि माणूस शेजाऱ्याकडे बघतो. इंग्लंडच्या कर खात्याने थकबाकीदारांना पत्रात एक ओळ जास्तीची लिहिली, की दहातले नऊ जण वेळेवर भरतात. तेवढ्याने वसुली वाढली. आपण उलटं करतो. "सगळेच चुकवतात" हे चहाच्या टपरीवर रोज एकमेकांना सांगत बसतो.

वाळूज_जनरल_शिफ्ट
पगारदाराचं कौतुक नको. मला चुकवायची सोयच नाही, पगार हातात पडायच्या आधीच कापलेला असतो. माझ्या सोसायटीत एक बिल्डर राहतो, गावाकडं पाच एकर आहे. दरवर्षी लाखांनी "शेती उत्पन्न" दाखवतो, शून्य टॅक्स. ते पाच एकर मी पाहिलंय, नुसती कुसळं उगवलेली. आधी शेतीवर टॅक्स लावा, मग आम्हाला इमानदारी शिकवा.

कोरडवाहू_औसा
आलं का शेवटी शेतकऱ्यावर! बिल्डर चोरी करायलाय आणि टॅक्स माझ्यावर लावा म्हणायलेत. हिशोब करू. सोयाबीन एकरी आठ क्विंटल धरा, तेही पाऊस नीट झाला तर. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 होता, मोंढ्यात (बाजारात) चार हजारांच्या आसपास गेलं. चला, 4,200 धरतो. एकरी 33,600, आणि त्यातून बियाणं, फवारणी, काढणी जायचीच आहे. 2025-26 पासून टॅक्सच्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य. म्हणजे खर्च न धरताही 35 एकरांच्या वर सोयाबीन पाहिजे, तेव्हा कुठं माझा नंबर लागणार. कायद्याने कोरडवाहू जमीन ठेवायची कमाल मर्यादाच 54 एकर आहे. असे किती जण दाखवता आमच्या तालुक्यात?

आणि आम्ही टॅक्स भरत नाही कोण म्हणतं? खतावर 5 टक्के, फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी. दुकानदाराला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, आम्हाला कोण देतं?

वाळूज_जनरल_शिफ्ट
तुमच्याच हिशोबाने तुम्हाला टॅक्स बसतच नाही. मग लावायला विरोध कामून? सूट काढली तर फक्त बिल्डर सापडेल.

कोरडवाहू_औसा
कारण सुरुवात बिल्डरपासून होईल आणि शेवट माझ्या बांधावर. दरसाल रिटर्न कोण भरणार? सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला माझ्या वडलांना तलाठ्याकडं किती खेटे घालावे लागले, ते तुम्हाला कंपनीच्या एसीत बसून कळायचं नाही.

वाळूज_जनरल_शिफ्ट
एसी मॅनेजरला असतो. मी प्रेस शॉपमध्ये उभा असतो. माहीत नसेल तर बोलू नका.

हिशोबनीस_लातूर
दोघंही थांबा. शेती उत्पन्नावरचा कर घटनेनुसार राज्याचा विषय आहे, केंद्र मनात आणूनही लावू शकत नाही. 1972 साली अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या समितीने मोठ्या जमीनधारणेवर कर सुचवला होता, तो बासनातच राहिला. बिल्डर पकडायला नवा कर लागतही नाही. शेती उत्पन्न 5 लाखांवर दाखवलं की रिटर्नमध्ये जिल्हा, पिनकोड, क्षेत्र आणि जमीन बागायत की जिरायत, हे सगळं लिहावं लागतं. ते कुणी पीकपेऱ्याशी, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीशी, ताडून पाहिलं तर कुसळं उगवलेल्या रानातली लाखांची कमाई एका दिवसात उघडी पडेल. म्हणजे पुन्हा माझाच मुद्दा. जे दिसतं त्यावर टॅक्स येतो.

मोंढा_परभणी
"दिसतं म्हणून भरतात" हे अर्धंच झालं. ऑगस्ट 2022 ला जालन्यात स्टीलवाल्यांवर धाड पडली, अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आले होते. आमच्या मोंढ्यात त्यानंतर दोन-तीन महिने सगळे चिडीचूप होते, बिनबिलाच्या कच्च्या चिठ्ठ्या बंद. दिवाळीनंतर जैसे थे. भीती टिकत नाही.

मी स्वतः कशाने भरायला लागलो सांगतो. आधी एका साध्या खुलाशासाठी एका कार्यालयात बोलावलं होतं, तासभर बसवून "काहीतरी बघा ना शेठ" असं ऐकवलं. त्या दिवशी ठरवलं, जितकं कमी दाखवू तितकं यांच्या नजरेत कमी. पुढे अंदाजे नफ्याची योजना समजली, डिजिटल विक्रीवर 6 टक्के, रोखीवर 8 टक्के नफा धरून टॅक्स भरा, मोठी वहीखाती नकोत. नोटिसांची उत्तरंही घरबसल्या ऑनलाइन जायला लागली, कुणाचं तोंड बघायला नको. तेव्हापासून नियमित आहे. मला कुणी पाहत होतं म्हणून नाही, कुणी छळत नव्हतं म्हणून.

निवृत्त_गुरुजी_बीड
हिशोबनीस, तुमचा तो पै-पै भरणारा शिक्षक मला भेटवाच. माझ्या काळातले निम्मे सहकारी एका एजंटाकडे जायचे. ज्या पक्षाचं नाव कधी ऐकलं नाही त्याला देणगी दिली म्हणून वजावट, घरच्याच घरात राहून घरभाडं. रिफंडमधून एजंटाचं कमिशन. पगार पूर्ण दिसत होता, तरी चोरी झालीच ना? जुलै 2025 मध्ये देशभर दीडशे ठिकाणी याच प्रकारावर कारवाई झाली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 लोकांनी 1,045 कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचं खात्याने सांगितलं. मी भरत आलो ते सरकारी तिजोरीतून पगार घेतो म्हणून. याला तुमच्या हिशोबात जागाच नाही.

हिशोबनीस_लातूर
वजावटीचं मान्य. पण नीट बघा, गुरुजी. पगार पडताळता येत होता, तिथे कुणी हात लावला नाही. देणगीची पावती कुणी पडताळत नव्हतं, चोरी तिथेच झाली. आणि मागे कधी घेतली? खात्याचे मेसेज यायला लागल्यावर. तुमच्यासारखे मनाने भरणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या भरवशावर देशाचा खर्च चालणार नाही.

निवृत्त_गुरुजी_बीड
हे "मान्य" म्हणून पुन्हा स्वतःचंच रेटणं झालं.

सिस्टर_नांदेड
तुमच्या भांडणात माझ्या वडलांसारखे लोक कुठे आहेत? पेन्शन आणि एक एफडी, टॅक्स बसतच नाही. टॅक्स कापू नका म्हणून बँकेला 15एच फॉर्म भरून द्यायचं त्यांना कुणी सांगितलं नाही, बँकेने व्याजातून टीडीएस कापला. रिटर्न भरलं असतं तर पैसे परत आले असते. पण "आपण त्या भानगडीत नको, नाव चढलं की नोटिसा येतात" असं म्हणून सलग तीन वर्षं सोडून दिले. मेसेज येतो तो इंग्रजीत, ते घाबरून डिलीट करतात. यांना चोर म्हणायचं की इमानदार?

हिशोबनीस_लातूर
चोर अजिबात नाही. या वर्षीचं तरी मुदतीत भरून घ्या. मागच्यासाठी अपडेटेड (मुदतीनंतर भरायचं) रिटर्न चालत नाही, त्यात रिफंड मागता येत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यांच्या पॅनवरचं 26एएस, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा उतारा, काढून पाठवा, मी बघतो. पैसे घेणार नाही.

कोरडवाहू_औसा
साहेब, सिस्टरला सांगितलं ते चांगलं केलं. पण पिनकोड अन् पीकपेरा ताडायचं कोण, ते अजून सांगितलं नाही. आमच्या गावात पीकपेरा मोबाईलवरून आम्हीच भरतो. बिल्डरही भरेल. द्राक्षं लिहील.

वाळूज_जनरल_शिफ्ट
हे मात्र बरोबर बोललात.