‘फेलो’ला मराठीत काय लिहावं? अधिछात्र, अधिसदस्य, महत्तर सदस्य

पार्लेकर: महाविद्यालयातल्या सत्काराची मानपत्रं लिहायची आहेत. एका संशोधिकेला पीएचडीसाठी फेलोशिप मिळाली आहे, एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ विज्ञान अकादमीचे फेलो आहेत आणि इतिहासाचे एक प्राध्यापक ‘एमेरिटस’ (निवृत्तीनंतरही सन्मानाने प्राध्यापकपद दिलेले). मसुद्यात पहिल्या दोघांना ‘अधिछात्र’ म्हटलंय. चालेल का?

मुद्रितशोधक: शास्त्रज्ञांना नाही चालणार. अधिछात्रवृत्ती अर्ज करून मिळते, ठरावीक मुदतीची असते आणि दरमहा पैसे देते. बार्टी, सारथी या राज्य शासनाच्या संशोधन-प्रशिक्षण संस्थांच्या जाहिरातींत हाच अर्थ आहे. अकादमीचा फेलो मात्र आधीच्या फेलोंनी निवडलेला असतो. सत्तरीच्या माणसाला अधिछात्र म्हटलंत तर त्यांचा प्रबंध अजून अडकलाय असं वाटेल! ‘अधिसदस्य’ लिहा, नाहीतर सरळ ‘फेलो’. क्रियापदही सांभाळा: फेलोशिप ‘मिळाली’ नव्हे, फेलो म्हणून ‘निवड झाली’. मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशिर करसेटजी यांची 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञान अकादमीचे फेलो म्हणून निवड झाली. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

खडूफळा: ‘महत्तर सदस्य’ ही साहित्य अकादमीची संज्ञा, ती इतरांना लावू नये. तिथे एका वेळी 21 हून अधिक हयात भारतीय महत्तर सदस्य नसतात.

एमेरिटसला ‘गुणश्री प्राध्यापक’. निवृत्त झालेला प्रत्येक जण गुणश्री नसतो, तेव्हा नियुक्तिपत्र बघूनच लिहा. ‘मानद प्राध्यापक’ हा पर्याय नव्हे. पदाआधीचं ‘मानद’ म्हणजे बिनपगारी (मानद सचिव), पदवीआधीचं म्हणजे परीक्षेविना गौरवार्थ दिलेली (मानद डी.लिट.).

पार्लेकर: आणि ‘भटनागर पुरस्कार पुरस्कृत’?

मुद्रितशोधक: ‘पुरस्कारप्राप्त’ करा. ‘शासन पुरस्कृत योजना’ वाचायची सवय झालेल्या माणसाला ‘पुरस्कृत’ म्हणजे पैसे पुरवलेलं वाटतं.

खडूफळा: पद्म किंवा भारतरत्न नावाला जोडू नका. ते किताब नाहीत, नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केलंय. पां. वा. काणे यांच्याबद्दल असं लिहिता येईल: ‘महामहोपाध्याय पां. वा. काणे (1959 पासून राष्ट्रीय प्राध्यापक, 1963 मध्ये भारतरत्नने सन्मानित)’. महामहोपाध्याय ही विद्वत्तेची पदवी, ती नावाआधीच शोभते.

मानपत्र नीट झालं तरी फ्लेक्सवाला परस्पर ‘पद्मश्री’ चढवतो. छापण्याआधी प्रूफ मागवा.