मदत हवी आहे : जळगावहून मिरजेला तंबोरा कसा पाठवावा?

आजीचा साडेचार फुटी तंबोरा जवारी काढण्यासाठी (तारांचा नाद गुंजावा म्हणून घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून घेण्यासाठी) मिरजेला पाठवायचा आहे. मागच्या खेपेस ‘नाजूक’ अशी ठळक चिठ्ठी असूनही एका पार्सल कंपनीने तो आडवा टाकून वर पोती रचली, भोपळ्याला तडा गेला आणि भरपाई मागताच ‘पॅकिंग तुमचेच होते’ एवढेच उत्तर मिळाले. या वेळी प्लायवूडची पेटी करून भोपळ्याभोवती जाड फोम भरणार आहे. मात्र तारा पूर्ण उतरवल्या तर घोडी जागची हलेल आणि ताणलेल्या ठेवल्या तर दांडीवर जोर येईल, म्हणून त्या नेमक्या किती सैल कराव्यात? शिवाय, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात, पत्र्याच्या गोदामात पेटी पडून राहिली तर सांधे उकलतील का? भुसावळहून रेल्वे पार्सलने कोणी वाद्य पाठवले असल्यास विम्याबाबतचा अनुभवही कृपया कळवावा.