अल्झायमरच्या धड्यात सॉलोमन फुलर का नाहीत?

रानजाई: आईला अल्झायमर होऊन चार वर्षं झाली. त्याबद्दल वाचता वाचता सॉलोमन कार्टर फुलर हे मनोविकारांचे कृष्णवर्णीय अमेरिकी डॉक्टर सापडले. जन्म १८७२, लायबेरियात. आजोबा गुलामीतून सुटलेले. १८९७ला बॉस्टनमध्ये डॉक्टर झाले, पुढे म्युनिकला, ज्यांच्यावरून आजाराला नाव पडलं त्या खुद्द डॉ. अल्झायमर यांच्या हाताखाली काम केलं, १९१२ मध्ये या आजारावर इंग्रजीत सविस्तर लिहिलं. बॉस्टन विद्यापीठात तीसहून जास्त वर्षं शिकवलं. १९३३ साली त्यांना डावलून गोऱ्या सहकाऱ्याला बढती मिळाली, तेव्हा ते बाहेर पडले. आजाराच्या धड्यातच त्यांचं नाव यायला हवं.

कोरा_कागद: मला नाही पटत. आजाराचं पहिलं वर्णन अल्झायमर यांचं. अन्याय झाला म्हणून श्रेय वाढवून देऊ नये. बॉस्टनमध्ये फुलरांच्या नावाचं मानसिक आरोग्य केंद्र आहेच. पण इमारतीला नाव दिल्याने कुणाला वेळेत उपचार मिळाले?

रानजाई: श्रेय वाढवू नका, आहे तेवढं तरी सांगा. मेंदूच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास तपासणारा हा माणूस धड्यात दिसतच नाही, एवढंच माझं दुखणं आहे.

सांजवात: उपचारांचं म्हणाल तर कृष्णवर्णीय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेमी क्लार्क यांचं काम बघा. पती केनेथ यांच्यासोबतची त्यांची बाहुल्यांची चाचणी प्रसिद्ध आहे: काळी मुलंसुद्धा गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडत. शाळांतल्या वंशभेदाविरुद्धच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या निकालात या संशोधनाचा दाखला आहे. मला मात्र त्यांचं १९४६चं काम मोठं वाटतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांनी मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र उघडलं. शाळेने ‘मतिमंद’ ठरवलेल्या मुलांची तिथे पुन्हा चाचणी व्हायची, आणि कितीतरी मुलं सर्वसामान्य बुद्धीची निघायची. एका शिक्क्याने पोराचं अख्खं आयुष्य वाकडं जातं हो!

कोरा_कागद: हेच म्हणतोय मी. गौरव करायचा तर अशा केंद्राला पैसा द्या. लेखिका बेबी मूर कॅम्पबेल यांच्या नावाने अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये जुलै हा अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्याबद्दल जागृतीचा महिना जाहीर केला. महिना संपला की पुढे काय?

सांजवात: कॅम्पबेल स्वतः मानसिक आजार असलेल्या माणसाच्या घरातल्या होत्या. कृष्णवर्णीय कुटुंबं लाजेने गप्प बसतात, हे त्यांनी उघड बोलून दाखवलं. गप्प बसलेलं घर केंद्राची पायरीच चढत नाही. त्यांच्यासाठी नाव, महिना, जाहीर बोलणं लागतंच.

रानजाई: आईचं निदान आम्हीही दीड वर्ष नातेवाइकांपासून लपवलं होतं.

कोरा_कागद: रानजाई, हे वाचून थांबलो. महिन्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. पैशाचं नाही.